आधी खतावणी, मग शोधाशोध

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी वाचक पंचविशीतली आहे. राहते भांडुपला. बी.कॉम. झाल्यापासून काळबादेवीतल्या एका घाऊक कापडाच्या पेढीत हिशेब सांभाळते आणि गेले पाच महिने शनिवार-रविवार दादरला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते. शिकलेलं कामात वापरावं म्हणून तिने एक प्रोग्रॅम लिहिला. वर्षभरातली सुमारे 40,000 बिलं एका लिस्टमध्ये, आलेली 35,000 पेमेंट्स दुसऱ्या लिस्टमध्ये. बिल नंबर जुळवायचे आणि कोणाकडून किती येणं आहे ते काढायचं. प्रोग्रॅम चालतो, पण वीस-बावीस मिनिटं घेतो. वेळ वाचावा म्हणून जुळलेली पेमेंट्स लिस्टमधून काढून टाकायला गेली, तर काही नोंदी तपासल्याशिवायच सुटायला लागल्या. क्लासमधला एक मित्र म्हणतो, ‘लूप वापरतेस हीच चूक, सगळं नमपायमध्ये कर.’ (लूप म्हणजे तेच काम एकेका नोंदीवर फिरवणं; नमपाय म्हणजे पायथनमधलं आकडेमोडीचं तयार साधन.) दुसरा म्हणतो, ‘पायथन मुळातच हळू, सी प्लस प्लस शीक.’ ती विचारते, ‘मी पडले कॉमर्सची. अ‍ॅरे, लिस्ट अशा नोंदींच्या याद्या नीट वापरायला इंजिनीअरचंच डोकं लागतं का? की आता सोडून द्यावं?’

मैत्रिणी,

तुझ्याहून वयाने बरीच मोठी आहे, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

‘प्रोग्रॅम चालतो, पण...’ असं तू लिहिलं आहेस. त्या ‘पण’च्या आधीचे दोन शब्द तू फार घाईने ओलांडलेस. क्लासमध्ये सर दहा आकड्यांची लिस्ट देतात, तिच्यावर कोणाचाही प्रोग्रॅम पापणी लवायच्या आत संपतो. आपला प्रोग्रॅम हळू का चालतो, हा प्रश्न पडायला आधी खरं काम हातात घ्यावं लागतं. ते तू घेतलंस, कोणी सांगितलेलं नसताना. त्यामुळे ‘सोडून द्यावं का’ या प्रश्नाकडे मी शेवटी येईन. आधी ती वीस मिनिटं जातात कुठे ते बघू.

हिशेबच करू, तो तर तुझा रोजचा. पत्रासोबत तू कोड पाठवलास, त्यात एक लूप बिलांवर आहे आणि त्याच्या पोटात दुसरा पेमेंट्सवर. म्हणजे प्रत्येक बिलासाठी पेमेंट्सची अख्खी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत. 40,000 गुणिले 35,000, म्हणजे 140 कोटी वेळा तुलना. आणि प्रत्येक तुलनेच्या आधी तू दोन्ही बाजूंच्या बिल नंबरांच्या कडेच्या मोकळ्या जागा काढतेस आणि अक्षरं कॅपिटल करतेस. ते करायलाच हवं, कारण कोणी नंबर कसाही टाइप करतं. पण ते त्या जागी केल्यामुळे एकच बिल नंबर तू 35,000 वेळा पुसून लख्ख केलास. चार कामं गुणिले 140 कोटी, म्हणजे 560 कोटी. तुझ्या लॅपटॉपने हे वीस मिनिटांत संपवलं, तो तसा कामसूच म्हणायचा.

आता मला सांग, पेढीवर एखादा नवा मुलगा आला आणि तू त्याला म्हणालीस, ‘सुरतच्या पार्टीकडून किती येणं आहे, बघ रे.’ त्यावर तो रोजकीर्द काढून एक एप्रिलपासून पान-पान चाळायला बसला, तर तू काय म्हणशील? ‘अरे, खतावणी उघड की!’ रोजकीर्दीत व्यवहार जसे घडले तसे एकाखाली एक लिहिलेले असतात. तिथे लिहिणं सोपं, शोधणं कठीण. म्हणून तर आपण रोजकीर्दीवरून खतावणीत खतवतो, प्रत्येक पार्टीचं पान वेगळं. खतवायचं काम एकदाच होतं आणि नंतर वर्षभर सरळ पान उघडायचं.

लिस्ट म्हणजे रोजकीर्द. डिक्शनरी, म्हणजे पायथनमधली नाव किंवा नंबर सांगून थेट नोंद काढायची सोय, ती खतावणी. तू 40,000 बिलांसाठी 40,000 वेळा रोजकीर्द चाळलीस, एवढंच झालंय. म्हणून मला तुझ्या प्रश्नाचा पायाच पटत नाही. तुला वाटतं, तुला ‘अ‍ॅरे येत नाहीत’. अ‍ॅरे तुला येतात. फक्त एकाच यादीला तू असा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिलीस, ज्याचं उत्तर पटकन देण्यासाठी ती यादी बनलेलीच नाही. लिस्टला ‘सातवी नोंद कोणती’ विचार, ती क्षणात सांगेल, नोंदी सात असोत की सात लाख. शेवटी नवी नोंद जोड म्हणालीस तर तेही जवळजवळ फुकट. पण ‘अमुक नंबर तुझ्यात आहे का’ विचारलंस, की तिला एकेक नोंद बघत जाण्यावाचून इलाज नाही. आणि एक खबरदारी: ‘इन’ हा छोटासा शब्द वापरून प्रश्न एका ओळीत विचारला तरी आत तेच चालतं. वरून लूप दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही.

तर करायचं असं. पेमेंट्सवर एकदाच लूप फिरव. प्रत्येक पेमेंटचा बिल नंबर तिथेच, एकदाच, स्वच्छ कर आणि तो नंबर किल्ली धरून (क्लासमध्ये याला ‘की’ म्हणतात) पेमेंट डिक्शनरीत ठेव. मग बिलांवर एकदा लूप फिरव, बिलाचा नंबर स्वच्छ कर आणि डिक्शनरीला विचार. 35,000 अधिक 40,000, म्हणजे 75,000 फेऱ्या. एक-दोन सेकंदांत उत्तर हातात येईल. चहा सांगायलाही वेळ मिळणार नाही.

हे इतकं पटकन कसं होतं, असा प्रश्न तुला पडणार, आणि पडावाच. डबेवाल्यांकडे बघ. 1890 पासून मुंबईत ही सेवा चालू आहे. डब्याच्या झाकणावर रंगात दोन-चार खुणा असतात. स्टेशनवर डबे लावणारा माणूस ‘हा कोणाचा, हा कोणाचा’ असं विचारत फिरत नाही. खूण बघतो आणि डबा थेट त्या लाकडी क्रेटमध्ये जातो. डिक्शनरीही किल्लीवरून एक आकडा काढते, त्याला हॅश म्हणतात, आणि तो आकडा सांगेल त्या खणात थेट हात घालते. खण शंभर असोत नाहीतर लाख, हात घालायला लागणारा वेळ साधारण तोच. मात्र खूण तंतोतंत जुळली पाहिजे. एका बाजूला ‘0412’ आणि दुसऱ्या बाजूला ‘412’ असेल तर डिक्शनरीच्या लेखी ते दोन वेगळे डबे. म्हणून स्वच्छतेचं काम आधी, आणि दोन्हीकडे एकाच पद्धतीने. त्यासाठी एक छोटं फंक्शन लिही आणि दोन्हीकडे तेच वापर.

आता एक धोका, आणि तो तुझ्या धंद्यात हमखास आहे. कापड बाजारात एका बिलाचे पैसे एकरकमी किती वेळा येतात? निम्मे आज, उरलेले दिवाळीनंतर. डिक्शनरीत त्याच किल्लीवर दुसरी रक्कम ठेवलीस की पहिली पुसली जाते, आणि पायथन त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत मी पगारपत्रकाच्या कामात कर्मचाऱ्याचं नाव किल्ली म्हणून वापरलं होतं. एकाच नावाचे दोघे निघाले. एकाचा ओव्हरटाइम दुसऱ्याने पुसला आणि सात तारखेला तो माणूस पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. काही बोलला नाही, नुसतं त्या आकड्यावर बोट ठेवलं. ते बोट मला अजून दिसतं. तेव्हापासून कुठल्याही डिक्शनरीच्या आधी मी स्वतःला विचारते, ही किल्ली खरोखर एकाचीच आहे ना? तुझ्या बाबतीत ती नाही. म्हणून प्रत्येक बिल नंबरापुढे एकच रक्कम ठेवू नकोस, रकमांची छोटी लिस्ट ठेव. खतावणीच्या पानावर एकच ओळ कधी असते का? हाताने करायचं तर ‘हे पान आहे का, नसेल तर कोरं उघड, मग ओळ लिही’ असं लिहावं लागेल. पायथनसोबत येणाऱ्या कलेक्शन्स मॉड्यूलमधली (मॉड्यूल म्हणजे तयार कोडचा संच) डीफॉल्टडिक्ट ही डिक्शनरी कोरं पान स्वतःहून उघडून देते. एक्सेलमधलं व्हीलूकअप वापरत असशील तर तिथेही हाच फास आहे: ते पहिली जुळणी देऊन थांबतं, दुसरा हप्ता त्याला दिसतच नाही.

दुसरी अडचण, नोंदी सुटण्याची. यावर तू दोन रात्री जागलीस म्हणतेस, म्हणून जरा सावकाश सांगते. तू भांडुपहून रोज मशीद बंदरला जातेस. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौघी बसल्यात, आणि तू खिडकीपासून एकेकीला विचारत चाललीस, ‘कुठे उतरणार?’ पहिली म्हणाली मशीद. दुसरी म्हणाली घाटकोपर, आणि बोलता बोलता उठलीच. ती उठल्याबरोबर तिसरी सरकून दुसरीच्या जागी आली, चौथी तिसरीच्या जागी. तू मनात धरलंयस, ‘दोन जागा विचारून झाल्या, आता तिसरी.’ तिसऱ्या जागेवर बघतेस तर तिथे मूळची चौथी बसलेली. जी सरकून दुसऱ्या जागेवर गेली तिला तू विचारलंच नाहीस, आणि तुला वाटतंय सगळ्यांना विचारून झालं.

लिस्टवर लूप फिरत असताना तिच्यातूनच नोंद काढली की नेमकं हे होतं. लूप जागा मोजतो, माणसं मोजत नाही. त्यात भर म्हणजे नोंद काढणंही महाग: ‘रिमूव्ह’ आधी पहिल्यापासून ती नोंद शोधतं आणि मग तिच्यामागच्या सगळ्यांना एकेक जागा पुढे सरकवतं. म्हणजे वेळ वाचवायला केलेल्या कामात वेळ गेला आणि वर उत्तर चुकलं. त्याऐवजी जुन्या लिस्टला हात लावू नकोस. जी बिलं बाकी आहेत ती एका नव्या लिस्टमध्ये जोडत जा. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने हे एका ओळीत होतं, पण साध्या लूपने केलंस तरी काही बिघडत नाही. दोघांच्या वेगात थोडा फरक पडतो, तुझी अडचण त्या थोड्याची नव्हती.

लिस्टच्या अगदी पुढून काढणं किंवा अगदी पुढे घालणं यातही हाच सरकासरकीचा खर्च आहे. रांग चालवायची असेल, पुढून काढायचं आणि मागे लावायचं, तर कलेक्शन्समध्येच डेक आहे, तो वापर.

आता तुझे मित्र.

नमपायवाला अगदीच चुकीचं बोलत नाही. नमपायच्या अ‍ॅरेमध्ये सगळे आकडे एकाच प्रकारचे आणि एकमेकांना खेटून असतात, सहसा प्रत्येकी 8 बाइट. पायथनच्या लिस्टमध्ये आकडे नसतातच, आकड्यांचे पत्ते असतात. प्रत्येक वेळी पत्ता वाचून त्या घरी जावं लागतं. म्हणून 35,000 रकमांची बेरीज, सगळ्या बिलांवर व्याज, किती दिवस थकलं याचा आकडा, असं ‘सगळ्यांना एकच काम’ असेल तिथे नमपाय खूपच पुढे जातं. लूप तिथेही असतो, फक्त तो आत सी भाषेतल्या कोडमध्ये फिरतो. पण तुझं काम गणिताचं नव्हतं, शोधण्याचं होतं. एकेक बिल घेऊन अख्ख्या नमपाय अ‍ॅरेशी ताडत बसलीस तर 140 कोटी तुलना तशाच राहतील, थोड्या लवकर उरकतील इतकंच.

आणि नमपायकडे जाशील तेव्हा दोन गोष्टी आधीच माहीत असू देत. नमपायचं ‘अपेंड’ लिस्टच्या अपेंडसारखं नाही. दर वेळी ते नवा अ‍ॅरे बनवून जुनं सगळं त्यात उतरवतं. 35,000 नोंदी अशा एकेक करून जोडल्यास तर सुमारे 61 कोटी आकडे नुसते इकडून तिकडे हलतील. म्हणून आधी लिस्टमध्ये गोळा कर, शेवटी एकदाच अ‍ॅरे बनव. दुसरं, लिस्टचा तुकडा कापला की नवी प्रत मिळते, पण नमपाय अ‍ॅरेचा तसाच तुकडा कापला तर ती मूळ अ‍ॅरेचीच खिडकी असते. तुकड्यातला आकडा बदललास की मूळ हिशेब बदलला. हिशेबाच्या माणसाने तर हे भिंतीवर लिहून ठेवावं. आणि नमपाय असो वा नसो, रकमा रुपयांच्या अपूर्णांकात ठेवू नकोस, पैशांत ठेव, पूर्णांकात, कारण पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.3 शी तंतोतंत जुळत नाही.

पांडाज या पायथनमधल्या तक्ते हाताळायच्या साधनात ‘मर्ज’ म्हणून एक सोय आहे, ती दोन याद्या किल्लीवरून जुळवून देते. पुढे तू तीच वापरशील. पण एकदा स्वतःच्या हाताने डिक्शनरी बनवून मग तिकडे जा, असं मी आग्रहाने सांगेन. हप्त्यांची बिलं मर्जमध्ये एकाच्या दोन ओळी होऊन येतात. हाताने केलेलं असेल तर त्या का आल्या हे तुला लगेच कळेल.

सी प्लस प्लसचं म्हणशील तर ती उत्तम भाषा आहे, शिकावीशी वाटली तर जरूर शीक. या अडचणीसाठी मात्र नको. तोच लूपच्या पोटातला लूप तिथे लिहिलास तर आज तो कितीतरी लवकर संपेल. उद्या पेढीचा पसारा दहापट झाला, तर दोन्ही याद्या दहापट आणि तुलना शंभरपट, म्हणजे 14,000 कोटी. डिक्शनरीच्या वाटेने तेव्हा 7,50,000 फेऱ्या होतील, आणि तुझ्या पायथनला त्या सहज झेपतील.

हे सगळं माझ्या शब्दावर घेऊ नकोस, मोजून बघ. टाइम मॉड्यूलमध्ये ‘पर्फ काउंटर’ आहे. कामाच्या आधी आणि नंतर त्याचा आकडा घे आणि वजाबाकी कर. पण एकदाच मोजून फारसं कळत नाही. दोन्ही याद्यांतल्या पहिल्या 1,000 नोंदी घेऊन मोज, मग 2,000, मग 4,000. नोंदी दुप्पट केल्यावर वेळही साधारण दुप्पट झाला तर ठीक चाललंय. चौपट झाला तर कुठेतरी लूपच्या पोटात लूप आहे, डोळ्यांना दिसत असो वा नसो. बहुतेक वेळा तो एखाद्या ‘इन’ किंवा ‘रिमूव्ह’मध्ये दडलेला सापडतो. ज्यांना ज्यांना ‘माझा प्रोग्रॅम हळू आहे’ एवढंच कळतं आणि का ते कळत नाही, त्यांनी कोडची एकही ओळ बदलण्याआधी हे करावं. अंदाजाने ओळी बदलण्यात आठवडे जातात.

याद्या क्रमाने लावण्याबद्दलही तू ओझरतं विचारलं आहेस. बिल नंबर जुळवायला त्याची गरज नाही. पण ‘गणपतीच्या आधीची बिलं’ असं तारखेचं काही हवं असेल तेव्हा क्रम कामाला येतो; क्रमाने लावलेल्या 35,000 नोंदींत हवी ती जागा जास्तीत जास्त 16 वेळा डोकावून सापडते, बायसेक्ट मॉड्यूल तेच करतं. सॉर्ट करायला घाबरू नकोस. टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये पायथनसाठी जी पद्धत लिहिली तिचा गुणच हा, की आधीपासून बऱ्यापैकी क्रमात असलेली यादी ती फार लवकर लावते, आणि तुझी बिलं तशीच आहेत. फक्त नंबर मजकूर म्हणून ठेवले असशील तर ‘1000’ हे ‘999’च्या आधी येईल, तेवढं बघ.

आणि आता कॉमर्सचं. अ‍ॅरेसाठी इंजिनीअरचं डोकं लागतं, हे तुला कोणी सांगितलं? कोणत्या वहीत काय लिहायचं, कोणत्या वहीत काय शोधायचं, एका पानावर दोन पार्ट्या येऊ द्यायच्या नाहीत, दोन वह्यांचा मेळ बसला नाही तर झोपायचं नाही, हे तुझ्या शाखेने तुला आधीच शिकवलंय. हप्त्यांची गोष्ट मी वर लिहिली, ती एखाद्या इंजिनीअरच्या ध्यानातही आली नसती, कारण त्याने उधारीवर माल कधी दिलेला नसतो.

पुढच्या शनिवारी क्लासला जाण्याआधी एवढं कर. जुना प्रोग्रॅम पुसू नकोस. एकाच महिन्याची बिलं घे, नोंदी न काढणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमने बाकी काढ आणि नव्या डिक्शनरीवाल्या प्रोग्रॅमनेही काढ. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून मेळ घाल. एका महिन्याला जुनाही फार वेळ घेणार नाही. जिथे फरक पडेल ती बिलं हाताने उघडून बघ. हप्त्याची असतील, किंवा नंबराच्या पुढे कोणीतरी शून्य लावलेलं असेल. मेळ बसला की मग अख्खं वर्ष चालव. किती सेकंद लागले आणि किती बिलांत फरक निघाला, ते मला नक्की कळव.